रंगाआधी गिलावा हवा

संपादक महोदय,

ऑक्सफर्ड युनियन या विद्यार्थी क्लबच्या जुन्या ग्रंथालयातली भित्तिचित्रे काळाने नव्हे, घाईने बिघडली. वास्तुविशारद बेंजामिन वुडवर्डची ही वास्तू मूळची वादसभागृह. १८५७ मध्ये रोझेटी, विल्यम मॉरिस, बर्न-जोन्स आदी तरुण चित्रकारांनी गॅलरीच्या वरच्या भिंतींवर ब्रिटनच्या आर्थर राजाच्या दंतकथा रंगवायला घेतल्या. भिंत नवी, विटांच्या सांध्यांतला चुना पुरता वाळलेला नाही. विटांवर गिलावा न करता चुन्याचा पातळ हात दिला आणि थेट रंग चढवला. खऱ्या फ्रेस्कोत रंग ओल्या गिलाव्यात मुरतो, चुन्यासोबत दगडासारखा घट्ट होतो. इथे तो नुसता वर बसला. अशा भिंतीतली ओल बाहेर पडताना क्षार पृष्ठभागावर आणते आणि रंग सुटतो. काही वर्षांतच चित्रे फिकटली, ही हळहळ वाटण्यासारखीच गोष्ट आहे.

शिवाय प्रत्येक चित्राच्या मधोमध दोन गोल खिडक्या आहेत. दिवसा त्यांचा उजेड डोळ्यांवर येतो आणि भोवतालची आकृती काळवंडलेली दिसते. छताची नक्षी मॉरिसने १८७५ मध्ये नव्याने केली. भित्तिचित्रांचे जतनकाम १९८० च्या दशकात झाले. पाहायला जाणाऱ्यांनी शक्यतो दिवेलागणीनंतर जावे.

– वास्तुजतनाचे काही अभ्यासक