बाबांची टेलिफोनची वही

चि. नंदू यास,
अनेक आशीर्वाद.

परवा माळा आवरताना तू बाबांची टेलिफोनची वही रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवून गेलास. मी ती काढून घेतली आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "हो गं आई" म्हणून मोकळा होतोस. म्हणून लिहितेय.

आपल्याकडे फोन आला 1993 साली. नंबर लागायला इतकी वर्षं गेली की यांनी वही आधीच आणून ठेवली होती. वही अ पासून ज्ञ पर्यंत आडनावांची, आणि यांना निम्म्या माणसांची आडनावंच ठाऊक नसायची! रोज सव्वा तास गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, एकमेकांच्या डब्यातलं खायचं, पण नाव विचारायचं नाही, ही यांच्या 8.12च्या लोकलची तऱ्हा. मग 'च'च्या पानावर 'चौथी सीट, बदलापूर'. 'ठ'वर 'ठाण्याला उठून जागा देतो तो'. दसऱ्याला डब्याच्या पूजेसाठी फुलं आणणारा 'झेंडू'. एकाच्या पुढे नुसतं 'खोकला'. 2002 मध्ये मुंबईच्या नंबरांआधी 2 लागला, तेव्हा एक अख्खा रविवार बसून यांनी प्रत्येक मुंबईच्या नंबराआधी लाल शाईत 2 घातला. त्याच रविवारी मी नळ दुरुस्त करायला सांगितला होता. तो गळतच राहिला.

2005ची 26 जुलै तुला आठवत असेलच. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडल्याचं नंतर पेपरात वाचलं. तेव्हा आपल्याला एवढंच कळत होतं की लाईट नाहीत, फोन मुका आहे आणि बाबा आले नाहीत. कुर्ल्याला गाडी अडकली, रात्र मुलुंडला कुणाच्या तरी जिन्यात काढली आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला चिखलाने माखून दारात उभे. मागे आणखी तिघं. कल्याणच्या पुढे गाड्या बंद, बदलापूरला जायचं कसं? मी रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता. आणि यांचं पहिलं वाक्य काय, तर "पोहे आहेत का गं?" मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. पोहे मात्र केले. रॉकेल संपत आलं होतं, तरी तीन दिवस त्या तिघांचं सगळं केलं. त्यातला एक म्हणजे ती चौथी सीट.

माणसांचा सोस होता त्यांना, आणि त्याचा मला जाच व्हायचा, हे आता लपवून काय करू? घरात चार माणसांचं असं जेवण कधी झालंच नाही. दिवाळीच्या पहाटे चिमीला खांद्यावर घेऊन फडके रोडला जायचे. पाच मिनिटांचा रस्ता, पण यायला दोन तास, कारण दर दहा पावलांवर कुणीतरी भेटायचं आणि "ही माझी नात" हे प्रत्येकाला नव्याने सांगायचं असायचं. चिमी रडकुंडीला येऊन परतायची. फराळ तसाच पडलेला आणि माझा पारा चढलेला. पुढच्या वर्षी पुन्हा तीच आजोबांच्या आधी चपला घालून तयार!

गेल्या आषाढात ते गेले, तेव्हा मी या वहीवरूनच सगळ्यांना कळवलं. तू ऑफिसच्या फोनमध्ये होतास, तुला माहीत नाही. तीन दिवस लागले. कितीतरी नंबर बंद झालेले. दोन ठिकाणी पलीकडून कळलं की तेही गेले. बदलापूरला लावला, तर मला नाव कुठे ठाऊक होतं? मी म्हटलं, "डोंबिवलीहून बोलतेय, 8.12वाल्यांच्या घरून." पलीकडे जरा वेळ शांत. मग म्हणाले, "वहिनी, चौथी सीट बोलतोय." पुढे दोघांनाही काही बोलता येईना.

'घ'च्या पानावर पहिलीच नोंद 'घर' आणि आपला नंबर. स्वतःच्या घराचा नंबर कुणी लिहून ठेवतं का? मी ते पान दोनदा पाहिलं.

'म'च्या पानावर चिमी आहे. तिथे मात्र पूर्ण नाव, जन्मतारीख, 2010, आणि नंबराच्या जागी रेघ मारून कंसात 'यायचा आहे'. दहावीला तिला फोन घेतलास ना? नंबर कळव. लाल पेन चालतंय अजून.

तुझी आई