भातात उभ्या रोवलेल्या चॉपस्टिक्स

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला जेवणाच्या शिष्टाचारांवरचा लेख वाचून राग आला. संध्याकाळी शांतपणे पुन्हा वाचला, तरी गेला नाही. ‘आवाज करत खाणे हे असंस्कृतपणाचे लक्षण’ असे लेखकाने ठासून लिहिले आहे आणि शेजारीच भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक्स उभ्या रोवल्याचे भलेमोठे छायाचित्र छापले आहे. जपानमध्ये अशा चॉपस्टिक्स रोवतात त्या मृताच्या उशाशी ठेवलेल्या भातात. जेवताना कोणी तसे केले तर घरातली माणसे दचकतात. लोकांना रीतभात शिकवणाऱ्याने एवढे तरी पाहायला हवे होते.

हे इतके लागण्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीत एक जपानी अभियंता महिनाभर कामाला होते. साठीच्या घरातले, अतिशय नम्र. जेवताना वाडग्यात शीत ठेवायचे नाहीत. निरोपाच्या जेवणात रश्शातले नूडल्स आले. त्यांनी वाडगा तोंडाजवळ नेला आणि सुर्र करून नूडल्स ओढले. त्यांच्याकडे ते असेच खातात. सोबत हवा ओढली जाते म्हणून तोंड भाजत नाही आणि वासही नाकात भरतो. आमच्या टेबलावर खसखस पिकली. एकाने मोबाइल काढून चित्रण सुरू केले. त्यांच्या ते लक्षात आले. वाडगा खाली ठेवून त्यांनी काटा मागितला आणि एकेक नूडल तोडून, ओठ मिटून, चावत बसले. रस्सा गार होऊन त्यावर तेलाची साय धरली. अर्धा वाडगा तसाच परत गेला. मी समोर बसलो होतो आणि एक शब्द बोललो नाही. ते मला आजही सलते.

लेखकाच्या नियमांची फूटपट्टी लावली तर निम्मे जग असंस्कृत ठरेल. इथिओपियात स्वतःच्या हाताने इंजेराचा, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या पिठाच्या धिरड्यासारख्या पोळीचा, घास करून दुसऱ्याच्या तोंडात भरवतात, त्याला गुर्शा म्हणतात. ती मायेची आणि मानाची गोष्ट आहे. थायलंडमध्ये काटा तोंडात घालत नाहीत, त्याने घास चमच्यावर सारतात. आणि ज्या काट्याचा लेखकाला एवढा अभिमान, तो इंग्लंडमध्येसुद्धा एके काळी थट्टेचा विषय होता. थॉमस कोरियट हा प्रवासी १६०८ मध्ये इटलीत काटा वापरायला शिकून आला, तेव्हा त्याच्याच मित्रांनी त्याची टर उडवली होती.

चवीबद्दलचा परिच्छेद तर त्याहून वाईट. परक्या पदार्थाला नाक मुरडणारे, कोथिंबीर बाजूला काढणारे, सगळे ‘नखरेल’! काही माणसांना कोथिंबीर खरोखरच साबणासारखी लागते. वास ओळखणाऱ्या जनुकातल्या फरकाचा त्याच्याशी संबंध असल्याचे संशोधकांना आढळले आहे. गरोदरपणात आईने गाजराचा रस घेतला असेल, तर बाळ गाजराच्या चवीचे खाणे कमी तोंड वाकडे करून खाते, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. जिभेची ओळख जन्माच्या आधीपासून घडत असेल, तर त्यावरून माणसाचा स्वभाव कसा काय ठरवता?

जाता जाता आणखी एक. पुरवणीतल्या छायाचित्रांखाली हल्ली ओळच नसते. कुठले, कशाचे, कोणी काढलेले, काही कळत नाही. मागेही याविषयी लिहिले होते, ते पत्र छापून आले नाही. ओळ लिहायला कोणी बसले असते, तर त्या चॉपस्टिक्स तेव्हाच कुणाच्या तरी डोळ्यांत आल्या असत्या.

ऑनलाइन आवृत्तीतले छायाचित्र कृपया आजच बदला, आणि छापील अंकात दुरुस्ती द्या. ती लेखाएवढ्याच ठळक जागी असावी, शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात नको.

– एक नियमित वाचक