गाठ ओली करून बांधायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचणार नाही हे ठाऊक असूनही मी ते उघडपणे लिहीत आहे, कारण आपण हयात असताना आभार मानण्याचा माझा प्रत्येक प्रयत्न आपण "बरं बरं, आधी दोरा पाय" असे म्हणून मोडून काढलात आणि आता मला मध्येच अडवणारे कोणी उरलेले नाही.

सात वर्षांपूर्वी उमरेड रोडवरच्या एका गावतलावाच्या पाळीवर आपली पहिली भेट झाली. बाई माणूस गळ टाकून बसले आहे हे पाहायला येणारे-जाणारे थांबत, कोणी मोबाइल काढीत, कोणी घरच्यांची चौकशी करीत. आपण मात्र दहा हातांवर येऊन बसलात आणि तासाभराने एवढेच विचारलेत, "पोरी, गाठ कोरडीच आवळली काय?" त्या सकाळी माझे दोन मोठे मासे निसटले होते आणि दोरा कच्चा निघाला म्हणून मी दुकानदाराला मनोमन दोष देत होते. आपण दोऱ्याचे टोक हातात घेऊन दाखवलेत, की ते डुकराच्या शेपटीसारखे वळले आहे, म्हणजे दोरा तुटलेला नाही, गाठ सरकून सुटली आहे. नायलॉन कोरडा आवळला तर घर्षणाच्या उष्णतेने तिथेच कमजोर होतो. म्हणून गाठ आधी तोंडात धरून ओली करायची, सावकाश ओढायची आणि मगच टोक कापायचे. हे गाठींचे शिक्षण आपल्याला तळ्यावर नव्हे तर एम्प्रेस मिलमध्ये मिळाले होते, हे पुढे कळले. जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केलेल्या त्या गिरणीत तुटलेले सूत जोडण्यात आपली उमेदीची वर्षे गेली आणि पाळी संपली की आपण जवळच्या जुम्मा तलावाच्या काठी जाऊन बसत असा.

गळ टाकणारी माणसे फार झाकून वागतात, हे मी अनुभवाने सांगते. कोणी आमिषाचा डबा कुशीत धरतो, कोणी मासा लागला की उगाच दुसरीकडे पाहतो. आपल्यापाशी असे झाकलेले काही नव्हते. जे येत होते ते कन्हान नदीवरच्या ढिवरांकडून, म्हणजे तिथल्या मासेमारांकडून शिकलो, त्यांनी कधी पैसे मागितले नाहीत, तेव्हा मी कोण लपवणारा, असे आपण म्हणत असा.

कटला माशाचे तोंड वर वळलेले असते, म्हणून तो वरच्या पाण्यात चरतो. रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. हे पुस्तकातही सापडते. पण त्यावरून मोरपिसाच्या देठाची तरंगकाडी किती वितींवर बांधायची, हे मला आपण हाताने मोजून दाखवलेत. काडी बुडाली की ओढायचे, एवढेच मला ठाऊक होते. मृगळाने तळचे आमिष उचलले की शिशाचा भार हलका होतो आणि काडी बुडण्याऐवजी वर उठून आडवी पडते, हे आपण सांगेपर्यंत असे कितीतरी मासे मी वाऱ्याच्या खात्यावर टाकले होते.

मे महिन्यातली एक पहाट विशेष आठवते. नागपूरच्या त्या उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधीच गळ टाकावा म्हणून मी पाचलाच पोहोचले होते आणि पाण्यावर शेकडो तोंडे उघडमीट करताना पाहून हरखून गेले होते. आपण माझी काठी खाली ठेवायला लावलीत. "त्याले भूक नाही लागली, दम लागला," असे आपण म्हणालात. रात्रभर पाण्यातल्या वनस्पतीही प्राणवायू वापरतात, त्यामुळे तो पहाटे सर्वांत कमी असतो आणि ऊन पडल्यावर पुन्हा वाढू लागतो, हे मी नंतर वाचले. आपण ते नुसते पाहून ओळखले होते. त्या दिवशी आपण दोघांनी आठपर्यंत फक्त चहा प्यायलो.

तळ्यात मासे सोडणाऱ्या मच्छीमार संस्थेच्या माणसाला विचारल्याशिवाय आणि ठरलेले पैसे दिल्याशिवाय आपण पाण्यात दोरा सोडला नाहीत. मला तेव्हा तो अतिरेक वाटे. पण रोहू-कटला साचलेल्या तळ्यात वीण करीत नाहीत, त्यांना पावसाळ्यातले वाहते पाणी लागते. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी 1957 साली ओडिशात इंजेक्शन देऊन रोहूसारख्या माशांची अंडी मिळवून दाखवली, त्यानंतर हळूहळू हॅचरीचे बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिले, सर्वत्र मिळू लागले. म्हणजे आमच्या तळ्यातला प्रत्येक रोहू कोणीतरी विकत आणून सोडलेला होता, हे समजल्यावर मी वाद घालणे सोडले. मरळीची गोष्ट वेगळी होती. ती तळ्यातच वाढते आणि पावसाळ्यात तिच्या लालसर पिलांचा घोळका पाण्यावर दिसला की खाली राखणीला आईबाप असतातच. त्या घोळक्यात गळ टाकणाऱ्या एका गृहस्थांवर आपण ओरडलात, तेवढाच आपला चढलेला आवाज मी ऐकला.

आता एक कबुली. गेल्या डिसेंबरात एका कॉलेजच्या मुलाने मला आमिषाची कृती विचारली आणि मी ती सांगितली. मात्र शेवटची गोष्ट मुद्दाम गाळली. पुढच्या रविवारी ती सांगायला गेले तर तो आला नव्हता, नंतरही दिसला नाही. म्हणून आपली कृती येथे पूर्ण लिहिते: शेंगदाण्याची ढेप दोन वाट्या, कोरड्या तव्यावर खमंग वास सुटेपर्यंत भाजून कुटलेली, भाजलेले बेसन एक वाटी, शिळा भात एक वाटी, मूठभर कणीक आणि चिमूटभर भाजलेली बडीशेप. आणि मी गाळले ते हे, की मळायला नळाचे पाणी घ्यायचे नाही, त्याचा औषधी वास राहतो. ज्या तळ्यात बसायचे त्याच तळ्याचे पाणी घ्यायचे. लिंबाएवढा गोळा पाण्याच्या पेल्यात टाकून पाहावा. तो तळाशी जाऊन पाचेक मिनिटांत फुटायला हवा. फुटला नाही, तर कणीक जास्त झाली.

आपली,
उमरेड रोडच्या पाळीवरची विद्यार्थिनी
नागपूर