मिल्टनचे मेंढपाळ आणि अण्णांची प्रुफं

प्रिय दिग्या,

गणपतीपासून एक ओळ लिहिली नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. घरचे सगळे बरे.

इंग्रज कवी मिल्टनच्या अण्णांनी केलेल्या अनुवादाची प्रुफं आलीत. ख्रिस्तजन्मावरच्या 1629च्या कवितेतल्या मेंढपाळांच्या 'सिली थॉट्स'चं त्यांनी 'मूर्ख विचार' केलंय. "कोशात तेच आहे," म्हणतात. आहेच, पण कोश आजचा! त्यांना उलट बोलायची छाती वर्गात तुझीच, म्हणून हे तुझ्या गळ्यात.

सुरुवात मुळापासून कर. जुन्या इंग्रजीत 'सिली' हा 'सॅलिग', पहिला स्वर लांब. 'सॅल' म्हणजे सुख, बरी वेळ. सॅलिग म्हणजे भाग्यवान, देवाची कृपा झालेला. जर्मन 'झेलिग' अजून तिथेच ठाण मांडून आहे. इंग्रजीत तो 'सीली' झाला आणि घसरत गेला: पुण्यवान, निष्पाप, बिचारा, दुबळा. जुन्या इंग्रज कवी चॉसरचा 'सीली' सुतार आठव. भाडेकरू प्रलयाची थाप मारतो आणि हा छताला टब टांगून त्यात झोपतो. भोळा म्हणायचा की बावळट? पुढे 'सी' आखूड झाला, 16व्या शतकात 'मूर्ख' हा अर्थ चिकटला. पण जुने अर्थ लगेच हलले नाहीत, बराच काळ एकत्र नांदले. मिल्टन नेमका त्या काळातला.

अशा वेळी विशेष्य बघायचं. मेंढी, लेकरू, गरीब जीव यांना 'सिली' लागला तर बहुधा 'बापुडा'. प्रश्न किंवा बढाईला लागला तर 'मूर्ख'. इथे नाम 'विचार', म्हणून अण्णा फसले. पण विचार कुणाचे? ज्यांच्या कानी स्वर्गीय संगीत पडणार त्यांचे! कवी त्यांना मूर्ख कशाला म्हणेल? मी 'भाबडी मनं' म्हणतोय. 'साधंभोळं' नको, त्याला साबणाच्या जाहिरातीचा वास येतो.

आणि हो, क्रिकेटमधला सिली पॉइंट. तुझा 'बिचारा फील्डर' सिद्धांत अजूनही चूक. बॅटला इतकं खेटून उभं राहणं हा वेडेपणा, म्हणून सिली. शब्द मैदानात उतरला तोवर जुना अर्थ गेलेला. फील्डर सोलकरचं नाव काढून विषय बदलू नकोस, त्याची खरी जागा शॉर्ट लेग.

बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, चिमीला पापा. अण्णांना फोन शुक्रवारच्या आत कर, आणि जेवण झाल्यावर. उपाशीपोटी ते मिल्टनचंही ऐकत नाहीत.

तुझा,
बाळ्या