मिनार मोजून झाले, आता पायऱ्यांकडे बघा

प्रति,
मा. महापौर,
कोलोन, जर्मनी

विषय: शहराच्या एरेनफेल्ड भागातल्या मध्यवर्ती मशिदीच्या पायऱ्या आणि वरचा चौक

महोदय,

स. न. वि. वि.

या पत्राची जर्मन प्रत तुमच्या कचेरीत पोस्टाने पाठवली आहे. तेच मराठीत इथे मांडते आहे, कारण जर्मनमध्ये मला अर्ज करता येतो, गप्पा मारता येत नाहीत. आणि या पत्रात अर्ज थोडा आहे, गप्पाच जास्त.

मी मूळची मिरजेची. नवऱ्याच्या नोकरीपायी २००७ च्या मे महिन्यात एरेनफेल्डमध्ये येऊन पडले. भाषेच्या वर्गात बाई रोज वर्तमानपत्राचं कात्रण आणायच्या आणि त्या उन्हाळ्यात बहुतेक कात्रणं एकाच विषयाची असत: इथे होऊ घातलेली ही मशीद. 'बांधकाम परवाना', 'घुमट', 'उंची' हे शब्द मी 'कोथिंबीर' आणि 'सुटे पैसे' यांच्या आधी शिकले. एके दिवशी बाईंनी प्रत्येकाला मत विचारलं. मी मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, "आमच्या गावात मोठा दर्गा आहे. तो किती उंच आहे ते मला माहीत नाही." वर्ग हसला. व्याकरण चुकलं असणार.

पण तेव्हा शहरात दुसरं काही बोललंच जात नव्हतं. वास्तुकार पाउल ब्योम यांनी वडील गॉटफ्रीड ब्योम यांच्याबरोबर केलेल्या आराखड्याने २००६ मध्ये मशिदीसाठीची स्पर्धा जिंकली होती. आजोबा डोमिनिकुस, वडील गॉटफ्रीड, मुलगा पाउल, असं हे तीन पिढ्या चर्च बांधणारं घराणं. गॉटफ्रीड यांना तर १९८६ सालीच वास्तुकलेतलं प्रित्झकर पारितोषिक मिळालेलं. अशा घरातल्या माणसाने मशिदीचा घुमट अखंड न ठेवता काँक्रीटच्या वेगवेगळ्या पाकळ्यांचा केला, दोन पाकळ्यांच्या मध्ये काच घातली, आणि रस्त्यापासून वरच्या चौकापर्यंत रुंद पायऱ्या नेल्या. यावर लोकांनी बोलावं असं किती होतं! बोलले कशावर? पंचावन्न मीटरवर. दोन मिनारांची उंची ५५ मीटर, आणि सगळं मत त्या आकड्यावर येऊन थांबलं.

आता तुमच्या शहराची उंचीची हौस पाहा. कॅथेड्रल १५७ मीटर. मशिदीपासून चालत काही मिनिटांवर कोलोनियुस हा दूरसंचार मनोरा, २६६ मीटर. आणि आमच्या एरेनफेल्डमध्ये चक्क एक दीपस्तंभ आहे, ४४ मीटरचा. समुद्राचा पत्ता नाही. हेलिओस नावाच्या वीज-कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो उभारला. पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेते. "जहाजं कुठे आहेत?" असं सगळे विचारतात. तो इथे का, असं मात्र अजून कुणीही रागावून विचारलेलं नाही.

२००७ च्या त्या उन्हाळ्यात एका स्थानिक वर्तमानपत्राने ५०३ कोलोनकरांचा कौल घेतला. सुमारे ३६ टक्के लोकांना मशीद आराखड्याप्रमाणे मान्य होती, ३१ टक्क्यांचा विरोध होता, आणि २७ टक्के लोक म्हणाले, हवी, पण लहान. मला या २७ टक्क्यांविषयी फार कुतूहल आहे. विरोधकांशी वाद घालता येतो. 'हवी, पण लहान' यावर काय बोलणार? आमची तेव्हाची घरमालकीण याच गटातली. स्वभावाने अत्यंत प्रेमळ बाई, नाताळात मला लोकरीचे मोजे विणून दिले. त्या म्हणायच्या, "माझी काही हरकत नाही, पण एवढी दिसायला कशाला हवी?" मला हा सूर ओळखीचा वाटला, कारण तो मी मराठीत ऐकला होता. आमच्याकडे विशिष्ट आडनावाच्या माणसाला घर भाड्याने नाकारताना असंच बोलतात. "आमचं काही नाही हो, पण सोसायटीतले लोक..." तेव्हा जर्मनांना नावं ठेवायला मी बसलेली नाही, हे आधीच सांगते.

त्याच वर्षीच्या ऑगस्टची गंमत तुम्हाला आठवत असेल. कॅथेड्रलच्या दक्षिण बाजूला चित्रकार गेरहार्ड रिख्टर यांची नवी खिडकी बसली: ७२ रंगांच्या ११ हजारांहून जास्त चौकोनी काचा, ना संत ना प्रसंग. कोलोनचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल माइसनर यांना ती रुचली नाही. ही खिडकी मशिदीत जास्त शोभेल, असं ते म्हणाले. म्हणजे एकाच उन्हाळ्यात या गावात एक मशीद फार मशिदीसारखी दिसते म्हणून भांडण, आणि चर्चची खिडकी पुरेशी चर्चसारखी दिसत नाही म्हणून नाराजी. मी दोन्ही कात्रणं अजून जपून ठेवली आहेत.

कॅथेड्रलवरून आठवलं. जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यातल्या १९६१ च्या कामगार-करारानंतर तिथून कामगार आले आणि इथल्या मोटार कारखान्यात लागले. त्यांना नमाजाला जागा नव्हती. १९६५ च्या फेब्रुवारीत रमजान संपल्यावर त्यांतल्या काहीशे जणांनी ईदची नमाज कॅथेड्रलमध्ये अदा केली, चर्चच्या परवानगीने. ही हकिगत मला कुठल्याच कात्रणात मिळाली नाही, पुष्कळ वर्षांनी एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने सांगितली. पुढे एरेनफेल्डमध्ये एका जुन्या औषध कारखान्याच्या इमारतीत नमाज होऊ लागली. तिथे काही उंच नव्हतं, त्यामुळे कुणाला काही दिसत नव्हतं, आणि हरकतही नव्हती.

विरोध करणारे सगळे एका माळेचे मणी होते असं मी म्हणणार नाही. राल्फ जॉर्डानो नाझींच्या छळातून वाचलेले लेखक. त्यांचा प्रश्न घुमटाच्या आकाराचा नव्हताच, एकत्र राहणं फसलं आहे असं त्यांचं म्हणणं होतं. ते मला पटलं नाही, पण समजलं. नगरसभेत तर तेव्हाचे महापौर फ्रिट्झ श्रामा यांच्या स्वतःच्याच पक्षाने विरोधात मत दिलं, तरी ते ठाम राहिले आणि ऑगस्ट २००८ मध्ये मंजुरी मिळाली. पुढच्याच महिन्यात उजव्या गटाने मशिदीविरोधी परिषद बोलावली, तेव्हा त्या परिषदवाल्यांना टॅक्सीवाल्यांनी भाडी नाकारली आणि बारवाल्यांनी बिअर. तुमच्या कोलोनी बोलीत म्हणतात ना, प्रत्येक वेडा वेगळा. आम्ही म्हणतो, व्यक्ती तितक्या प्रकृती. त्या आठवड्यात मला पहिल्यांदा वाटलं, इथे राहता येईल.

आता इमारतीविषयी माझं मत, कुणी विचारलं नसलं तरी. नोव्हेंबरात आभाळ काँक्रीटच्या रंगाचं होतं तेव्हा घुमट जड वाटतो. अर्धवट सोललेल्या संत्र्यासारखा, असं माझी मुलगी म्हणते. मिनार मला अजूनही जरा किडकिडीत वाटतात, म्हणजे ज्यांच्यावरून एवढा गदारोळ झाला तेच सगळ्यात कमी जमलेले. पण संध्याकाळी आत दिवे लागले की पाकळ्यांच्या फटींतून उजेड रस्त्यावर येतो आणि इमारत हलकी होते. बांधकामाचे हालही झालेच: २००९ च्या नोव्हेंबरात पायाभरणी, २०११ मध्ये दितिब या चालक संस्थेने ब्योम यांचा करार मोडला, तडजोड झाली आणि पहिली नमाज झाली ती थेट २०१७ साली. दितिबचे तुर्की सरकारशी जे संबंध आहेत, त्यांवर टीका व्हावी तेवढी थोडी. मात्र ती टीका दितिबवर करावी. काँक्रीटच्या पाकळीने अंकाराला फोन केलेला नाही.

माझं दुखणं २९ सप्टेंबर २०१८ चं आहे. तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन मशिदीच्या उद्घाटनाला आले, आणि सुरक्षेसाठी सगळा परिसर बंद. आम्ही एरेनफेल्डकर, मशिदीच्या बाजूचे, विरोधातले, २७ टक्केवाले, सगळे एकाच बॅरिकेडच्या एकाच बाजूला उभे. ज्या पायऱ्या रस्त्यावरच्या कुणालाही वर बोलवण्यासाठी काढल्या, त्या पहिल्याच मोठ्या दिवशी रिकाम्या.

मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथे उरुसात गाणं होतं. लहानपणी वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. आवारात सतरंजी, शेंगदाण्याचा पुडा, आणि पहाटे कधीतरी भैरवी. मी अर्धी रात्र वडिलांच्या मांडीवर झोपलेली असायची. शेजारी कोण बसलंय, कुठल्या गल्लीतलं, हे वडिलांनाही ठाऊक नसे. त्या घुमटाची उंची मला आजही माहीत नाही. आवाराच्या फरशीचा गारवा माहीत आहे.

म्हणून माझी मागणी मिनारांविषयी नाही. शुक्रवारच्या अजानचा प्रश्नही २०२२ पासून मार्गी लागला आहे. पाच मिनिटांच्या मर्यादेतली ती हाक ट्रामच्या आवाजात मला घरात ऐकूही येत नाही. मागणी एवढीच: फेनलोअर श्ट्रासे या रस्त्यावरून वर जाणाऱ्या पायऱ्या आणि त्यांच्या माथ्याचा चौक यांबद्दल नगरपालिकेने संस्थेशी लेखी करार करावा. जागा त्यांची आहे, मान्य. पण आराखडा मंजूर करताना ती गावासाठी खुली असेल हेच तर सगळ्यांना सांगितलं होतं. चौकात सावलीला चार झाडं आणि बसायला बाकं असावीत. परवानगी न मागता बसता येतं, हे सांगणारी पाटी जर्मन आणि तुर्कीत असावी, जमल्यास अरबीतही. आणि पुढे कधी कुणी मोठा पाहुणा आला, तर पायऱ्या पूर्ण बंद न करता बंदोबस्त कसा करायचा, हे पोलिसांशी आधीच ठरवून ठेवावं.

दुसरं, जरा वेगळं. यापुढे कुठल्याही प्रार्थनास्थळाचा आराखडा आला की त्याची प्रतिकृती त्याच वस्तीतल्या वाचनालयात ठेवा, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. वरून पाहिलं की लोकांना फक्त घुमट आणि मनोरे दिसतात. दार कुठे आहे, ते खाली वाकल्यावरच कळतं.

३ ऑक्टोबरला दरवर्षी मशिदी सगळ्यांसाठी खुल्या असतात, तेव्हा गर्दी होते. त्या दिवशी येऊ नका, फोटोवाले असतील. एखाद्या मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास या. मी डाव्या बाजूला, तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असते. थर्मासमध्ये आलं घातलेला चहा असतो, दोन कप सहज निघतात.

आपली नम्र,
एरेनफेल्डची एक रहिवासी