नदीपासून बाजूला पडलेली तळी

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सगळं अर्धवटच सांगून होतं, म्हणून लिहायला बसले. बाबा, तुम्ही विचारलंत, उपग्रहाची चित्रं घरबसल्या मिळतात तर तळी शोधत नदीच्या खोऱ्यात पायी कशाला हिंडायचं? लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे ३० मीटर लांब-रुंद जागा, सेंटिनेल-२ च्या चित्रात १० मीटर. झाडांच्या सावलीतलं चिमुकलं तळं त्यात कुठून दिसणार! दिशा मात्र कळते. आजच्या पात्रापासून दूर विळ्यासारखी वाकलेली हिरवी पट्टी दिसली, की ते बहुतेक नदीचं जुनं वळण असतं. वळणावर बाहेरच्या काठाला पाण्याचा जोर जास्त, तो कापला जातो. आतल्या काठाशी गाळ साचतो. वळण वाढत वाढत जातं आणि एखाद्या पुरात नदी मधला चिंचोळा पट्टा फोडून सरळ निघते. मागे राहिलेल्या वळणात पाणी थांबतं. मी शोधते ती हीच तळी.

जवळ पोचलं की नकाशा पिशवीत जातो. माती मऊ लागते, लव्हाळा दिसतो, मग पाणकणीस. चतुरावर मी विसंबत नाही, तो लांबवर भटकतो. पण त्याचीच बारीक बहीण, बसताना पंख मिटून घेणारी टाचणी दिसली की थांबते. ती सहसा पाण्यापासून फार लांब जात नाही.

आई, तू म्हणालीस, उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्याचं एवढं काय कौतुक? अगं, ते आटतं म्हणूनच! दरवर्षी कोरडं पडलं की तिथे मासे टिकत नाहीत, आणि बेडकांची अंडी-पिल्लं वाचतात. काही डबक्यांत तर कोळंबीच्या दूरच्या नात्यातले इवलेसे जीव असतात. त्यांची अंडी सुक्या चिखलात वर्षानुवर्षं पडून राहतात, पाणी भरलं की फुटतात. म्हणून तळ कोरडा असला तरी मी कडेनेच जाते.

बारमाही तळ्यांची गोष्ट वेगळी. ती नदीपासून तुटलेली दिसतात, पण पुष्कळदा वाळू-गोट्यांच्या थरांतून पाणी खालून ये-जा करत असतं. नदीतली वाळू बेसुमार उपसली, पात्र खोल गेलं, की अशा तळ्याचं पाणीही उतरतं. ज्याच्या काठाला कुणी फावडंसुद्धा लावलं नाही, ते तळं मरतं. मला याचा फार राग येतो. म्हणूनच सापडलेल्या प्रत्येक तळ्याची जागा, तारीख आणि खुणा केलेल्या काठीने मोजलेली खोली वहीत लिहून ठेवते.

आणि आई, मी एकटी जात नाही. डोंगराकडे ढग दाटले किंवा पाणी अचानक गढूळ झालं, की पात्र सोडून उंचावर येते. आपल्याकडे पाऊस नसला तरी वरून लोंढा येतो, हे पक्कं लक्षात असतं.

बाबा, तुमच्याकडचे जुने नकाशे काढून ठेवा. नदी तेव्हा कुठून वाहत होती ते आजच्या चित्राशी ताडून पाहू. तुमच्या गुडघ्यांना झेपेल असंही एक तळं आहे, वाट शेवटपर्यंत सपाट. दिवस तुम्ही दोघांनी ठरवा, मी सुट्टी टाकते.

तुमची लेक