नॅनो-उपचाराची बातमी देताना एमआरआयचेही सांगा

महोदय,

ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक गाठीवर नॅनोकणांनी, म्हणजे अतिसूक्ष्म कणांनी, उपचार होतो, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. त्या खोट्या नसतात, पण अर्ध्या असतात. आणि त्यांच्या भरवशावर घरचे लोक दागिने मोडायला निघतात.

बर्लिनमध्ये विकसित झालेली पद्धत घ्या. लोहऑक्साइडचे सुमारे १२ नॅनोमीटरचे कण पाण्यात मिसळून, कवटीला बारीक भोक पाडून, स्कॅनवर आखलेल्या मार्गाने सुईने थेट गाठीत सोडतात. त्यामुळे रक्तातली बरीच औषधे मेंदूत शिरू न देणारी केशवाहिन्यांची घट्ट भिंत ओलांडण्याचा प्रश्नच येत नाही. कण कुठे साठले ते सीटी स्कॅनवर पाहून तापमानाचे गणित मांडतात. मग रुग्णाला १०० किलोहर्ट्झच्या सतत दिशा बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात ठेवले की कण तापतात आणि त्या उष्णतेने गाठीच्या पेशींना इजा होते. आठवड्यातून दोनदा, तासभर, अशा सहा बैठका, जोडीला रेडिएशन.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाठ परतलेले ५९ रुग्ण होते. त्यातले निम्मे, गाठ पहिल्यांदा परतल्यापासून १३.४ महिन्यांहून अधिक जगले. मात्र चिठ्ठ्या टाकून निवडलेला तुलनेचा गट नव्हता. हे वाक्य बातमीतून हमखास गळते.

खरी अडचण पुढे आहे. कण एकसारखे पसरत नाहीत, त्यांच्या गुठळ्या होतात. गाठीच्या दिसणाऱ्या कडेपलीकडे निरोगी मेंदूत शिरलेल्या पेशींपर्यंत उष्णता पोचत नाही. शिवाय लोह तिथेच राहते आणि एमआरआयचे चित्र त्या जागी पार बिघडते. या आजारात दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआयवरच नजर ठेवायची असते. गाठ परतली का, हे मग कशावर पाहणार? दातांतल्या धातूच्या टोप्या आणि भरावही या उपचाराआधी काढावे लागतात. पेसमेकर असेल तर हा उपचारच देता येत नाही.

आज हाती असलेला पक्का उपचार म्हणजे झेपेल तेवढी गाठ काढणे, सहा आठवड्यांत ६० ग्रे (ग्रे हे मात्रेचे एकक) रेडिएशन आणि त्यासोबत रोज टेमोझोलोमाइड ही कर्करोगावरची गोळी, नंतर त्याच गोळीची सहा आवर्तने. २००५ च्या मोठ्या चाचणीत या गोळीमुळे दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १०.४ वरून २६.५ टक्क्यांवर गेले. नॅनोच्या आशेने रेडिएशन लांबवणे फार महागात पडते.

म्हणून अशी प्रत्येक बातमी छापताना प्रयोग उंदरांवर की माणसांवर, तुलनेचा गट होता का आणि पुढे एमआरआय करता येईल का, एवढे तरी त्यात असावे, ही विनंती.

आपला,
एक न्यूरोसर्जन